एकच लांब फळी

लॉन्ड्रीत माणूस घ्यायची रीत सोपी होती. आधीपासून कामावर असलेल्या बाईनं आपल्या ओळखीची बाई आणायची, तिला शिकवायचं आणि ती टिकेपर्यंत तिची जबाबदारी घ्यायची. साहेबांना जाहिरातीची कटकट नको होती, बायकांना शेजारी परकी बाई नको होती. नवी चुकली की बोलणी दोघींना बसत. नवी पळून गेली तर आणणारीला पुढं कितीतरी दिवस मान खाली घालून वावरावं लागे. त्यामुळे जी ती बाई माणूस पारखूनच आणी.

मास्तरणीनं मात्र आपल्या भावजयीला आणलं ते सगळं माहीत असून आणलं. भावजयीची बोटं बधिर होती.

मास्तरीण म्हणजे कुठल्या शाळेतली नव्हे. तिच्या हाताखाली शिकलेली बाई सहसा काम सोडत नसे, म्हणून बायकांनी तिला ते नाव ठेवलं होतं. तोंडानं फटकळ, पण शिकवताना कंटाळायची नाही. एकच गोष्ट दहादा सांगायची आणि अकराव्यांदा सांगताना हसायची. भावाचा संसार कोलमडला तेव्हा तीच धावून गेली. भाऊ शिडीवरून पडून पाठीनं अधू झाला होता. दोन मुली शाळेत. भावजय शीतगृहात गोठवलेले मासे डब्यांत भरायची. हातमोजे घालून हात भराभर चालत नाहीत म्हणून तिथल्या बायका मोजे काढून ठेवत, आणि मुकादम नेमका तेव्हा दुसरीकडे बघे. होता होता तिच्या बोटांतला जीवच गेला. घरी तापलेलं पातेलं ती नुसत्या हातांनी उचलून ओट्यावर ठेवायची आणि मग वास आला म्हणून हात बघायची. डबे हातातून निसटायला लागले तसं शीतगृहानं तिला घरी पाठवलं. हात कामातून गेले ते त्यांच्याकडेच, आणि हातांना काम जमत नाही म्हणून काढलं तेही त्यांनीच. याला काय म्हणावं!

"कोण लागते तुमची?" साहेबांनी मास्तरणीला विचारलं होतं.

"भावजय. माझ्या धाकट्या भावाची बायको."

"म्हणजे घरातलंच माणूस. मग बघायला नको," साहेब म्हणाले आणि खरोखरच बघितलं नाही.

काम होतं इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या ओल्या चादरी यायच्या. दोन बायकांनी दोन टोकांना उभं राहायचं, चादरीचे दोन कोपरे धरायचे, कड ताणून तापलेल्या रोलरपुढे धरायची. रोलरनं चादर पकडली की तिला ओढ लागते. ती ओढ बोटांना कळली की त्याच क्षणी सोडायचं. आधी सोडलं तर चादर चुण्या पडून आत जाते. उशिरा सोडलं तर काय होतं ते सांगायला लागत नसे. रोलरपुढे एक लोखंडी पट्टी होती, ती दाबली की मशीन थांबे. पण थांबायच्या आधी रोलर थोडा फिरतोच.

"वन्सं, मला नाही जमायचं," भावजय पहिल्याच दिवशी म्हणाली.

"का नाही? डोळे आहेत ना धड?"

"डोळ्यांनी ओढ कशी दिसणार? ती बोटांना कळायला हवी."

"बघून बघून दिसते. मी सांगते ना!"

दिसत नव्हती. रोलरच्या तोंडाशी सतत वाफ असे. मास्तरणीनं मानेनं खुणावून पाहिलं, पण मान बघायची तर चादरीवरची नजर काढायला हवी. ओरडून पाहिलं, पण मशीनच्या घरघरीत ऐकू जाईना आणि बाकीच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. चादरीमागून चादर चुरगळून बाहेर पडत होती. शेवटी मास्तरणीचं डोकं फिरलं. "अगं सोड की आता!" म्हणत तिनं खाली जोरात पाय आपटला. भावजयीनं चादर सोडली, ती अगदी नेमकी.

फरशी कायम ओली असायची, म्हणून प्रत्येक मशीनपुढे उभं राहायला एक लाकडी फळी टाकलेली होती. दोघी एकाच फळीवर उभ्या होत्या.

"कळलं कसं गं तुला?"

"पायाला कळलं," भावजय म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

मग तेच शिकवलं. बोटांनी नुसतं धरायचं, ऐकायचं तळपायानं. मास्तरीण आपल्या टोकाला ओढ लागली की टाच आपटी, फळीतून ठोका पलीकडे जाई, दोघींचे हात एकदम सुटत. चादर अशी सुरेख निघे की पलीकडे घडी घालणाऱ्या बायका म्हणत, आज कोरीच काढली काय गं कपाटातून? घरी भावानं बायकोचा हात हातात घेऊन बोटं चोळली. तिला ते कळलं नाही, पण तिनं बघितलं. पोरींच्या शाळेचा खर्च निघायला लागला. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला.

तो फार दिवस तिथं राहायचा नव्हता, कारण साहेबांना सुधारणांची खोड होती. बायकांत त्यांचं नाव 'नवीनच' असं पडलं होतं. "नवीनच एक पद्धत आलीय" असं म्हणत ते कधी कशात हात घालतील याचा नेम नसे. एकदा सगळ्यांचे अॅप्रन मशीनप्रमाणे वेगळ्या रंगांचे केले, एकदा सकाळी हात वर करून श्वास घ्यायला लावले. माणूस दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर बायका निदान सावध राहिल्या असत्या.

"हे पाय काय आपटता तुम्ही?" एके दिवशी त्यांनी मास्तरणीला विचारलं. तिच्या मशीनवरची एकही चादर पुन्हा इस्त्रीला परत येत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

भावजय मान वर न करता चादर झटकत राहिली.

"ताल राहतो साहेब," मास्तरीण म्हणाली. "दोघींचे हात एकदम सुटतात."

"ताल!" साहेब म्हणाले. त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा, स्वतःशीच उच्चारला. तिथंच सगळं बिनसलं.

पुढच्या आठवड्यात चारही मशीनवर पाय आपटायचा हुकूम निघाला. बायका आधी हसून लोळल्या. कुणी म्हणाली आता घुंगरंही द्या. पण चादरी खरंच बऱ्या निघायला लागल्या, आणि मग हसणं थांबलं. साहेबांनी मास्तरणीला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"यापुढं तुम्ही मशीनवर उभं राहायचं नाही. नव्या बायकांना शिकवायचं. अॅप्रनऐवजी कोट मिळेल, पगार वाढेल."

"मला मशीनवरच राहू द्या साहेब. तिथंच बरं वाटतं मला."

"अहो, लोक वर चढायला धडपडतात!"

"माझी भावजय अजून नवी आहे."

"नवी? ती तर सगळ्यांत चांगली आहे आपल्याकडे! तुम्ही तिला इतकं तयार केलंत म्हणून तर तुम्हाला हे काम देतोय." साहेब कौतुकानं बघत होते. त्या कौतुकापुढं मास्तरणीनं मान डोलावली.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. पोरी आतल्या खोलीत मोठ्यानं वाचत होत्या. भाऊ भिंतीला उशी लावून बसला होता.

"मी साहेबांना सांगून टाकते," ती म्हणाली. "घडी घालायच्या टेबलावर टाकतील तुला."

"तिथं बोटं लागतात वन्सं. कड कडेला लावायची ती बोटांनीच लावतात ना?"

"मग दुसरं काहीतरी देतील."

"देतील की काढतील?" भावजयीनं विचारलं. "सांगा हवं तर. माझी ना नाही. पण मग मला कुठं नेऊन उभी करणार तेही सांगा. मला एवढं एकच काम येतं, तेही तुमच्या पायावर."

भाऊ छताकडे बघत राहिला. मास्तरणीनं चहा तसाच टाकला आणि घरी आली. रागावली होती ती, पण कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं.

मशीनवर भावजयीच्या जोडीला चिमणी आली. ही एक बडबडी, हसरी पोरगेली बाई, हात चालायचा तेवढंच तोंड चालायचं. मास्तरणीनं तिला पंधरा दिवस पिळून काढलं. ओढ लागली की आपट. आधी नाही, नंतर नाही. बोलता बोलता आपट, शिंकता शिंकता आपट. "मास्तरीणबाई, मी झोपेत पाय आपटते, नवरा भिंतीकडे सरकून झोपतो," चिमणी तक्रार करायची. मास्तरणीला ते ऐकून बरं वाटायचं. काम सुरळीत चाललं. ठोका दुसऱ्या पायाचा, पण फळी तीच होती. भावजय शिकली. मास्तरीण नवा कोट घालून हॉलभर फिरायची आणि कितीही लांब असली तरी एक डोळा त्या मशीनवर ठेवायची.

मग मोठ्या कचेरीतले पाहुणे ताल बघायला येणार असं ठरलं. साहेब हुरळून गेले. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी सुतार बोलावले गेले, आणि दुसऱ्या दिवशी बायका कामावर आल्या तर चारही मशीनपुढे मिळून एकच लांब फळी बसवलेली. रंधा मारलेली, कडेला पिवळा पट्टा रंगवलेला. जुन्या मळक्या फळ्या मागं अंगणात टाकून दिल्या होत्या.

"कशी दिसते?" साहेबांनी विचारलं.

"झकास!" बायका म्हणाल्या. दिसत होतीच झकास.

मशीनं सुरू झाली. चार ठिकाणी पाय आपटू लागले आणि चारही ठोके त्या एका फळीतून इकडून तिकडे धावायला लागले. बाकीच्या बायकांना काही फरक पडला नाही. त्यांना ओढ बोटांत कळत होती, पाय त्या निव्वळ हुकूम म्हणून आपटत होत्या. भावजय मात्र दुसऱ्याच चादरीला भलत्या ठोक्यावर हात सोडून बसली. चुण्या पडल्या. पुढची धरून ठेवली, ती चिमणीच्या हातून तिरकी गेली. चिमणी म्हणाली, "अगं ताई, लक्ष कुठाय?" चहाच्या सुट्टीपर्यंत परत आलेल्या चादरींचा ढीग लागला होता.

"वन्सं, फळी सगळीच बोलतेय," भावजय हळूच म्हणाली. "आपला ठोका कुठला तेच कळेना."

मास्तरीण तशीच साहेबांकडे गेली. ते पाहुण्यांना कुठं उभं करायचं ते ठरवत होते.

"साहेब, ती फळी कापा."

"कापा? अहो, कालच बसवलीय!"

"मशीनपुरती वेगळी करा. बायकांचा गोंधळ होतोय."

"कुणाचा? मला तर एकाच मशीनवर गोंधळ दिसतोय," साहेब म्हणाले. "तुमच्या भावजयीच्या. घरी काही झालंय का?"

आता सांगायचं होतं. दार लावलेलं होतं, साहेब चक्क थांबून ऐकत होते. असा मोका पुन्हा येणार नाही हे मास्तरणीला कळत होतं. सांगितलं असतं तर भावजयीनं दुपारी अॅप्रन काढून ठेवला असता आणि संध्याकाळी दोन्ही हात घेऊन घरी गेली असती. पण मास्तरणीच्या डोळ्यांपुढं त्या वाचत बसलेल्या पोरी आल्या, आणि आणखी एक गोष्ट आली, अंगावरचा कोट.

"नाही. काही झालं नाही," ती म्हणाली. "होईल सवय."

"तेच म्हणतो मी. उद्या पाहुणे गेले की बघू."

त्या दिवशी कामाची वेळ संपेपर्यंत ती भावजयीच्या मागं उभी राहिली. "डोळ्यांनी बघ," एवढंच सांगत राहिली. "कड आत गेलेली दिसल्याशिवाय सोडू नकोस. फळीकडे लक्षच देऊ नकोस." हा सल्ला चुकीचा होता. मास्तरणीनं आयुष्यात दिलेला तो पहिला चुकीचा सल्ला असेल. उशिरा सोडायला ती आपल्या तोंडानं शिकवत होती.

पाहुणे सकाळी आले. मास्तरणीला साहेबांनी पहिल्या मशीनपाशी उभं केलं होतं, ताल कसा सुचला ते सांगायला. भावजय शेवटच्या मशीनवर होती. चारही मशीनं एका ठेक्यात चालली होती, फळी घुमत होती, पाहुण्यांतला एकजण मान डोलवायला लागला होता. मास्तरीण काहीतरी बोलत होती. काय बोलत होती ते नंतर तिला कधीच आठवलं नाही.

किंकाळी चिमणीची होती.

सगळ्यांनी चिमणीकडे बघितलं, कारण ओरडत ती होती. भावजय तिच्याकडे वळून, "काय झालं गं?" असं विचारत होती. चादरीच्या शिवणीचा एक उसवलेला फास तिच्या बोटांत अडकला होता. ज्या बोटांना ओढ कळत नव्हती त्यांना फासही कळला नाही. बोटं आत गेली तेव्हा ती चिमणीची विचारपूस करत होती. मनगट रोलरपाशी पोहोचलं तेव्हा तिला कळलं. चिमणीनं पट्टीवर झेप घेतली आणि मशीन थांबलं, पण हात आत धरूनच थांबलं. रोलर उचलायला दोन माणसं लागली. पाहुण्यांना साहेबांनी बाहेर नेलं.

हात कोपराखाली काढावा लागला.

इस्पितळात कंपनीचा डॉक्टर आला. त्यानं उरलेला हात उलटसुलट करून बघितला, बोटं दाबली, आणि मग त्याला जे कळायचं ते कळलं. दुखणं लपवून नोकरी धरली असं ठरलं, त्यामुळे कंपनीकडून काही मिळायचं नाही असंही ठरलं. फळीचा दोष नव्हता. फळीविषयी कुणी काही विचारलंच नाही.

"तुम्ही तिला आणलंत, तुम्ही शिकवलंत," साहेब खाटेशी उभे राहून मास्तरणीला म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज कौतुकाचा नव्हता. "तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरणीनं तोंड उघडलं. पण खाटेवरून आवाज आधी आला.

"वन्संना नव्हतं ठाऊक. मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं."

भावजय मास्तरणीकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, तेच मास्तरणीला सोसेना. हिशेब सरळ होता. आता दोन घरं एकाच पगारावर चालणार होती, आणि तो पगार खोलीच्या मध्यभागी कोट घालून उभा होता. मास्तरणीनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

महिनाभरानं साहेबांनी नवीनच एक चाचणी काढली. नव्या बाईनं डोळे मिटायचे, दोन्ही हात पुढं करायचे. शिकवणारीनं तिच्या दहाही बोटांना टाचणी टोचायची आणि बाईनं दुखलं की सांगायचं. "आपल्याकडे पुन्हा असं घडता कामा नये," साहेब म्हणाले, आणि टाचण्यांची डबी मास्तरणीच्या हातात दिली.

भावजयीच्या जागेसाठी तीन बाया आल्या होत्या. पहिली टोचल्याबरोबर ओरडली आणि घाबरून निघूनच गेली. दुसरीला चाळशीशिवाय कोपरा दिसत नव्हता. तिसरी वयानं भावजयीएवढी, अंगानं बारीक. तिनं डोळे गच्च मिटून हात पुढं केले. साहेब चार पावलांवर मशीनपाशी उभे होते.

"दुखलं," ती बाई म्हणाली.

मास्तरणीच्या हातातली टाचणी अजून तिच्या बोटाला लागलीसुद्धा नव्हती. मास्तरणीनं टाचणी मागं घेतली.

"दुखलं हो बाई. चांगलंच दुखलं."

"डोळे उघड," मास्तरीण हलक्या आवाजात म्हणाली. "कुठं होतीस कामाला?"

बाईनं डोळे उघडले. टाचणी कुठं आहे ते तिला दिसलं. तिचा चेहरा आधी उतरला, मग ताठ झाला.

"शीतगृहात."

"जा बाई घरी. हे काम तुझं नाही. हात जाईल."

"घरी जाऊन काय करू?" बाईनं एकदम मास्तरणीचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी. आपण किती जोरात धरलंय ते त्या बोटांना कळत नव्हतं. मास्तरणीला कळ आली. "तुमच्या भावजयीची बोटं बरी चालली तुम्हाला! शीतगृहातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, ती कशी लागली इथं. तुम्हीच पायानं शिकवलंत तिला. मलापण शिकवा."

मशीनच्या आवाजात साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. ते दोन पावलं पुढं आले.

"काय म्हणतेय ती?"

बाईनं मनगट सोडलं नव्हतं. ती साहेबांकडे बघत नव्हती, मास्तरणीकडेच बघत होती. चिमणी आपल्या मशीनवरून मान वळवून बघायला लागली होती. मास्तरणीला आपल्या घरातलं आणि भावाच्या घरातलं माणूस न् माणूस आठवलं.

"काही नाही साहेब," ती म्हणाली. "म्हणते, दुखलं."

"मग घ्या की कामाला."

मास्तरणीनं टाचणी डबीत टाकली, बाईला शेवटच्या मशीनपाशी नेलं आणि फळीवर कुठं उभं राहायचं ते दाखवायला लागली.